फक्त एक पत्र बाकी

२ जानेवारी, सकाळी ७.१०
ठरलं. जूनमध्ये पोर्तुगाल. लिस्बन वगैरे नाही, तिथे कोणीही जातं. व्हालमोरा. वस्ती साडेतीन हजार, खाडी, चर्च, एक बेकरी. आमच्या सीवूड्सच्या टूबीएचकेचं जे भाडं येईल, त्यात तिथे अंगणासकट घर येतं. लॉकडाउनपासून मी घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. ज्याला बेडरूममधून जमतं त्याला व्हालमोरातून न जमायला काय झालं? व्हिसाला कंपनीचं एक पत्र लागतं: हा माणूस कुठूनही काम करू शकतो. बस्स. आमच्या मॅनेजर सुचिता मॅडमना सोमवारी मेल टाकतो.
क्षिप्राला सांगितलं. ती मेथी निवडत होती. ‘बरं’ म्हणाली. बायकोचा असा पाठिंबा नशिबानेच मिळतो.

५ जानेवारी
कॉलवर मॅडमचा मूड बरा नव्हता. मेल शुक्रवारी.
ईश्वरीला सांगितलं. आठवीतली घोडी, सोफ्यावर उड्या मारायला लागली. लगेच पोर्तुगीज शिकायचं अ‍ॅप घेतलं. रोज अर्धा तास, बापलेकीने, खाडा न करता.

१२ जानेवारी
खाडा झाला. पण माझे धडेही ईश्वरीच करते, त्यामुळे अ‍ॅपच्या मते मी फार चिकाटीचा माणूस आहे.
क्षिप्रा आज ईश्वरीच्या शाळेत जाऊन आली. कशाला, ते विचारायचं राहिलं. व्हालमोराच्या आठवडी बाजाराचा व्हिडिओ चालू होता.

४ फेब्रुवारी
तिकडे लोक दुपारी झोपतात म्हणे. सराव म्हणून दोन ते चार झोपलो. क्लायंटचा कॉल तीनला होता. मॅडम बरंच बोलल्या. अशा दिवशी पत्र मागणं बरं दिसत नाही.

२२ फेब्रुवारी
करावेगावची गंगूबाई मासे घेऊन आली. तिला म्हटलं, आता जूनपर्यंतच हं, मग आम्ही परदेशात, खाडीकाठी. ती खाडीला खारी म्हणते. म्हणाली, “तथं पन खारीच हाय ना? मंग आपली काय वाईट हाय?” मोठं स्वप्न समजावून सांगायला समोरचा माणूसही तसा लागतो. बांगडे मात्र ताजे होते.

१५ मार्च
आपल्याजवळचं देत सुटायचं, असा संकल्प. माझं पार्किंग आमच्या सोसायटीचे चेअरमन रावसाहेब यांना देऊन टाकलं. त्यांच्याकडे दुसरी गाडी आलीच आहे. तसं लेखीही दिलं. क्षिप्रा म्हणाली, जूनमध्येच दिलं असतंस तर? तिचा स्वभाव मुळात धरून ठेवण्याचा.

६ एप्रिल
ईश्वरी शाळेच्या खो-खो टीमची कॅप्टन होणार होती. तीन वर्षं वाट बघत होती. आज तिने आपणहून सुभाष सरांना सांगितलं, दुसरीला करा, मी जूनमध्ये नसेन. घरी येऊन हसत हसत सांगितलं. क्षिप्रा माझ्याकडे बघत राहिली. भावुक झाली असावी.
मलाही कसंसंच झालं. तडक बसून मॅडमना मेल लिहिला. ड्राफ्टमध्ये आहे. एकदा भाषा तपासून पाठवतो.

१० मे, रात्री
सोसायटीने निरोप समारंभ केला! शाल, श्रीफळ, समोसे. मी वीस मिनिटं बोललो. खाडी कुठलीही असो, मन विशाल हवं, वगैरे. ईश्वरीने पोर्तुगीजमध्ये चार वाक्यं बोलून सगळ्यांचे आभार मानले. टाळ्या सगळ्यांत जोरात रावसाहेबांच्या.

११ मे
क्षिप्राने सत्काराचा नारळ फोडून आमटीत घातला. म्हटलं, अगं, आठवण होती ती. तर म्हणे, खराब झाला असता.

१८ मे
मेल पाठवला. लोक बॉसला मेल लिहायला उगाच घाबरतात. दोन मिनिटांचं काम.

१९ मे
मॅडमचं उत्तर. बरं झालं लिहिलंत, सगळ्यांना आजच कळवणार होते. एक जूनपासून घरून काम बंद. पाचही दिवस रबाळ्याचं ऑफिस. ‘कुठूनही’बद्दल म्हणाल तर दुसरा मजला की तिसरा, तेवढा चॉइस तुमचा.

२३ मे
सध्या लिफ्ट वापरत नाही. जिन्यात माणसं कमी भेटतात. आज रावसाहेब भेटलेच. “अजून इथेच? काय, व्हिसाचं टेन्शन?” म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. गाडी करावेगावात झाडाखाली लावतो. गंगूबाईने तिथेच धरलं: “गेला नाय का रं, साएब?” संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला माहीत.

३० मे
ईश्वरीला सांगितलं. अकरा दिवस उद्यावर ढकलत होतो. रडली असती तर समजूत काढली असती. ती रडली नाही. पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं तिने. मला कळलं नाही. अर्थ विचारला तर म्हणाली, काही नाही बाबा, जाऊ दे.
फार वाईट वाटलं. इथे तरी खरं लिहितो.

५ जून
ऑफिसात एसी भयंकर. सत्काराची शाल कामाला आली. तिसरा मजला घेतला. व्ह्यू चांगला आहे म्हणतात.

२० जून
शाळेत गेलो. सुभाष सरांना हात जोडून म्हटलं, पोरीची चूक नाही, तिला निदान टीममध्ये परत घ्या. सर गोंधळले. म्हणाले, परत म्हणजे? कॅप्टन तीच आहे. पोरगी काहीही सांगो, तिचं नाव काढू नका, ती इथेच असणार आहे, असं मिसेस येऊन सांगून गेल्या होत्या. म्हटलं, कधी? सर म्हणाले, झाले की महिने. जानेवारीत.
घरी येऊन ही वही मागे चाळली. बारा जानेवारी. तेव्हा मी बाजार बघत होतो.
क्षिप्राला विचारलं, दहा दिवसांतच कसं कळलं तुला? ती फ्रिजमध्ये डोकं घालून उभी होती. म्हणाली, सोमवारी डब्याला भेंडी देऊ की तोंडली?
तोंडली म्हणालो.