हाताचा आवाज

१८ एप्रिल २०१६

आज दुपारी पोचलो. केजपासून काळी-पिवळी जीप, माझ्या मांडीवर माझी पेटी आणि पेटीवर दुसऱ्याच कुणाचं तरी कोंबडं. गावाचं नाव पिंपळदरा, पण अजून पिंपळही दिसला नाही आणि दराही. पाणी संस्थेचे चेअरमन मोहनराव स्वतः फाट्यावर उभे होते आणि त्यांनी माझी पेटी उचलली. बीडमध्ये तीस वर्षं मंडपाला माईक-स्पीकर लावले, पण पेटी उचलणारा चेअरमन आजच पाहिला. गावाला पाण्याची किती निकड आहे ते मला तिथेच समजलं.

काम नवीन आहे, म्हणून जरा हुरूपही आहे. संस्थेची सामायिक विहीर साठ फूट खोल, यंदा तळाला ओलसुद्धा नाही. तळातून चारी दिशांना आडवी बोअरं मारली आहेत, हात जेमतेम जाईल एवढ्या तोंडाची. कुठल्या बोअरच्या आत पाणी झिरपतं ते मी ऐकून सांगायचं. मशीनवाला पुन्हा एकदाच येणार, तेव्हा एकच बोअर वाढवता येईल. माझं चुकलं तर गाव पावसाळ्यापर्यंत टँकरवर, आणि टँकरचा नेम नाही. पूर्वी हे काम हातात नारळ धरणारे पाणाडे करायचे. मी शेंगदाण्याएवढा कंडेन्सर माईक घेऊन आलो आहे.

ही वही हमीदाने दिली. परगावी गेलो की मी फोनवर तासभर रडगाणं लावतो, ते यात लिहावं असं तिचं म्हणणं. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर बायकोची चूक कशाला काढायची. राहायला संस्थेच्या गोदामातली खोली आहे, खताचा वास येतो, पण पंखा आहे. शेजारच्या केसरबाईंनी भाकरी आणि ठेचा आणून दिला. साठीच्या असतील, बोलतात कमी. एकूण बरं वाटतं आहे.

१९ एप्रिल

विहिरीवर यारी बसवली आहे, म्हणजे माणसाला पाळण्यातून खाली सोडणारं डिझेलचं यंत्र. ते सटवा चालवतो. मी खाली जातो दुपारी बारा ते चार. तेव्हा लाईट नसते, शिवारातल्या मोटारी बंद असतात आणि उन्हाने माणसं-जनावरं गप्प पडलेली असतात.

या लहान माईकला एक खोड आहे. हवेतला आवाज त्याला कळतो तसा अंगाला लागलेला धक्काही कळतो. वायर दगडाला घासली की तो आभाळ गडगडल्यासारखा ओरडतो. हातात धरला तर बोटांची चाळवाचाळव, अंगठ्याची खरखर, सगळं आत येतं. आमच्या धंद्यात याला हाताचा आवाज म्हणतात आणि तो घालवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पुढारी माईकचा गळा दाबतात, कीर्तनकार तो बोटांत फिरवत राहतात, कव्वाल अंगठीने वाजवतात. मंडपामागे बसून नुसत्या धरण्यावरून मी सांगायचो की माईक कुणाच्या हातात गेला.

प्लास्टिक पाईपचे दहा-दहा फुटांचे तुकडे जोडायचे, टोकाला माईक बांधायचा आणि बोअरमध्ये ढकलायचा. उत्तर, दक्षिण, पश्चिम, तिन्हीकडे काही नाही. पूर्वेच्या बोअरला तिसाव्या फुटावर पोकळी आहे. मशीनवाल्यालाही तिथे एकदम पोकळ लागलं होतं म्हणे. तिथे एक धपधप ऐकू येते. माझ्याच वायरचा दोष असणार, उद्या बघतो.

२० एप्रिल

आज नुसती धपधपीशी मारामारी. आधी सटवाला यारीचं इंजिन बंद ठेवायला लावलं. धपधप तशीच. मग सायकलच्या ट्यूबचे रबर कापून माईक पत्र्याच्या डबीत चारी बाजूंनी अधांतरी टांगला, म्हणजे पाईपचा हादरा त्याच्यापर्यंत पोचू नये. वरून फोम गुंडाळला. डबीजवळ वायरीला सैल वेढा दिला. मी स्वतः पाईप सोडून लांब बसलो, श्वाससुद्धा जपून घेतला. आता वर कुणी घागर आपटली तरी माईकला कळत नव्हतं.

आवाज कमी व्हायला हवा होता. तो स्वच्छ झाला.

मोहनराव काठावरून तीनदा विचारून गेले. टँकर येऊन नऊ दिवस झाले आहेत. बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीभोवती बसतात आणि माझ्याकडे बघतात. मी काय मुद्दाम पाणी लपवून ठेवलं आहे? चार तास तळाच्या दगडांवर उकिडवं बसून पाठ गेली. थकलो.

२१ एप्रिल

पाईप बाहेर ओढला तर टोकाला डबी नव्हती. सुतळी सुटली असं धरून चाललो. पण वायर आतच होती आणि कानातल्या हेडफोनमध्ये माईक चालू होता.

तो हाताचा आवाज आहे. यात मी चुकणार नाही. आधी डबीभोवती तळवा आवळला गेला, बोटं सरकली, मग पकड सुटली आणि लगेच दुसरी पकड आली. दुसरा हात वेगळा, त्याला काचेच्या बांगड्या. तिसऱ्याचा तळवा फार खरखरीत. माईक एका हातातून दुसऱ्या हातात दिला जात होता. सहा हात मोजले. दर हाताला माझ्यापुढची वायर तीन फूट आत सरकत होती. वायरीवर मी दर पाच फुटांना चिकटपट्टी लावली आहे. पंचेचाळीसची खूण माझ्या डोळ्यांदेखत आत गेली. बोअर तीस फुटांचं आहे.

सटवाला वर ओढायला सांगितलं. त्याने विचारलं, कावून एवढा घाम आलाय, तर ऊन म्हणालो.

२२ एप्रिल

खाली गेलो नाही. मोहनरावांना सगळं सांगून टाकलं, आत माईक कुणीतरी हाताळतं आहे म्हणून. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत, कोण म्हणूनही विचारलं नाही. जमिनीकडे बघत एवढंच म्हणाले, पाणी हाय का न्हाई, तेवढं सांगा मिस्तरी. मला त्यांचीच भीती वाटली.

संध्याकाळी केसरबाई दाराशी आल्या. त्यांनी विचारलं, सहा हायेत का. मी आकडा कुणाला सांगितला नव्हता.

२३ एप्रिल

केसरबाईंनी सांगितलं ते लिहितो.

ही विहीर बाहत्तरच्या दुष्काळात खोदली. तळाशी पूर्वेकडे बोगदा काढत होते, माणूस बसून सरकेल एवढा. आत सात बायका रांगेने बसायच्या आणि मातीची घमेली हातोहात बाहेर यायची. उजव्या हाताने घ्यायचं, डाव्याने मागच्या बाईला द्यायचं. सगळ्या परगावच्या, पोट भरायला आलेल्या. केसरबाई सोळा वर्षांच्या, रांगेत शेवटच्या, बोगद्याच्या तोंडाशी. एका दुपारी आत छत बसलं आणि त्याच धक्क्याने पाणी फुटलं. केसरबाईंना वर ओढलं. काठावर सगळा गाव नाचत होता. उकरायला गेलं तर झरा मोडेल, असं तेव्हाच्या चेअरमनने ठरवलं, म्हणजे मोहनरावांच्या वडिलांनी. बोगद्याचं तोंड दगडांनी बांधून घेतलं. त्या बायका दुसऱ्या कामावर गेल्या, असं सांगितलं. संस्था त्याच पाण्यावर उभी राहिली. केसरबाईंचं लग्नही याच गावात लावून दिलं.

दोन दिस आतून वाजत व्हतं भाई, असं म्हणाल्या. मला ऐकू येत व्हतं, मी न्हाई बोलले. मग त्यांनी पदर तोंडात धरला. मलाही रडू आलं, लपवत नाही.

२४ एप्रिल

केसरबाई आज माझ्याबरोबर पाळण्यातून खाली आल्या. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी एकेका हाताबरोबर एकेक नाव घेतलं, बांगड्यांवर तुळजाबाई, खरखरीत तळव्यावर चंद्रभागाबाई. नंतर म्हणाल्या, परत येतंय. वायर खरंच ढिली पडायला लागली होती. माईक हातोहात बाहेर येत होता.

तोंडाशी बसून घ्यायला कुणी नाही म्हणून आतल्या बायका अडल्या आहेत, मी तिथली हाय, मलाच घेतलं पायजे, असं त्यांचं म्हणणं. पण हात पुढे होईना. मला त्यांची दया आली. त्यांना बाजूला बसवून मी माझा हात बोअरमध्ये घातला. एकदा घेतलं की संपेल, असं वाटलं.

डबी तळव्यावर ठेवली गेली. ठेवणारी बोटं गार होती. तिच्यामागून ओल्या मातीचा गोळा आला.

ओल्या मातीचा. सटवाने तो पाळण्यातून वर ओढला आणि गाव धावत आलं.

२५ एप्रिल

सकाळपासून घेतो आहे. एकामागून एक, मूठ-मूठ माती. मागे टाकत जातो. दहा-बारा मुठी झाल्या की बोअरमधून पाण्याची धार येते, करंगळीएवढी. हात काढला की धार थांबते आणि आत सहा तळवे दगडावर वाजायला लागतात. तो आवाज माईकशिवाय ऐकू येतो.

सटवाने एकदा माझ्या जागी हात घालून पाहिला. वर गेला तो पुन्हा खाली उतरायला तयार नाही. केसरबाई काठावरून म्हणतात, या भाई वर, बास झालं. मोहनराव म्हणतात, थांबू नका. वर भांडी लागली आहेत, बायका पाणी ओढताना हसतात. किती दिवसांनी हसत असतील.

हमीदाचा फोन आला होता, उचलला नाही. काय सांगू? चव्वेचाळीस वर्षं त्या माती देत आहेत. त्यांनाही थकवा येत असेल की.

२६ एप्रिल

एक विचित्र. मागे टाकलेली माती मागे नाही. दोन दिवसांची माती, कमरेएवढा ढीग व्हायला हवा. सटवा शपथ घेतो की एका गोळ्यानंतर त्याने काही वर ओढलेलं नाही. मागे नुसती भिंत आहे. हात लावून पाहिली.

आज माती टाकताना पडल्याचा आवाज आला नाही. मी तीस वर्षं आवाजावर जगलो, मला—

उद्या बीडला निघतो. मोहनरावांना सांगितलं. ते मान हलवून बरं म्हणाले, फक्त दुपारी एकदा शेवटचं बघून घ्या.

२७ एप्रिल

दुपार. मोठी धार लागली आहे. पाणी घोट्यापर्यंत. सटवाला ओढ म्हणून ओरडलो. वर हलगी वाजते आहे, सगळे नाचत आहेत, माझा आवाज जात नाही.

उजवा हात आत आहे. सुटत नाही. त्यांनी धरलेला नाही, माझीच बोटं मिटत नाहीत, पुढचं घ्यायला उघडी आहेत. डाव्याने लिहितो. अक्षर—

केसरबाई काठावर एकदा दिसल्या. त्यांना मागे ओढलं. हात ओढणारे मोहनराव—

पाणी गुडघ्याला. पाळणा जवळ आहे. वही त्यात टाकतो, हमीदाला द्या. तिला सांगा की मी—

मागून कुणीतरी डावा हात मागतं आहे. मागे भिंत आहे. घ्यायला थांबलं आहे. मातीची मूठ उजव्यात आली, आता ती डाव्यात घ्यावी लागेल आणि पेन—