घाट चढेपर्यंत

पायल,
पिठलं कढईत आहे, गरम करून खा. निघताना चावी चंपामावशींकडे दे.

काल तू ‘बँक’ शब्दाचे अर्थ वाचून दाखवत होतीस. पैशांची बँक, नदीचा काठ, कुणावर भरवसा ठेवणं. मी चालवतो ते बँकर इंजिन त्यात नव्हतं. ते कसाऱ्याला गाडीच्या मागं लागतं, घाटभर तिला ढकलतं आणि वर आलं की सुटतं. मग धुक्यात विरत जाणारी गाडी मी बघत राहतो. आतल्यांना पत्ताही नसतो.

दिल्लीला जाऊ नको म्हणालो होतो, ते मनात ठेवू नकोस.

स्टेशनवर मी येत नाही. आज सुट्टी होती, पण तुझ्या गाडीची ड्युटी मागून घेतली. तुला निघताना मागं वळून बघायची सवय आहे.

पप्पा