चिमणीच्या पायाची मापं

११ मार्च
आमच्या चिमणी घोडीच्या मागच्या उजव्या पायाला सूज. मागं हाडाचं टोक निघतं ना, तिथं. लिंबाएवढी, मऊ. पुस्तकात ह्या सांध्याला हॉक म्हणतात. माणसाची टाच, तीच घोड्याची हॉक. गावात हे कुणाला माहीत नाही, सगळे ढोपर म्हणतात.
शिवणाच्या टेपनं मोजलं. उजवा ४२ सेंटिमीटर, डावा ४०. आठ दिवसांत बरोबरी करायची. ११ एप्रिलला चुडावा गावची वरात आहे, नवरदेव चिमणीवरच बसणार.
सटवाजीभाऊजी आले होते. ह्यांचे जुने दोस्त. हे गेल्यापासून वरातीत चिमणीचा लगाम तेच धरतात. सूज बघून म्हणाले, वैनी, खाली भुसकट टाका की जरा, घोडी नुसत्या फरशीवर बसायलीय.
ऐकून घेतलं. वाचन नसलं की माणूस असंच काहीतरी बोलतो.

१२ मार्च
फरशीचं बोलणं मनाला लागलं. ती फरशी मी जानेवारीत ह्यांच्या वर्षश्राद्धाला घातली. शहाबादी. मधल्या एका फरशीवर ह्यांचं नाव कोरून घेतलं. हे होते तेव्हा तबेल्यात माती आणि भुसकट. रोज संध्याकाळी उकिडवे बसून हातानं पसरायचे आणि केसांत काड्या घेऊन तसेच घरात यायचे. एकोणतीस वर्षं मी त्यावरून बोलले. आता तबेला दिवसातून दोनदा धुते. बाया बघायला येतात.

१३ मार्च, सकाळी ६
इलाज सुरू. पुस्तक ह्यांनीच आणलं होतं, रद्दीतून, वर घोड्याचं चित्र आहे म्हणून. ह्यांना वाचता येत नव्हतं. मी त्याच्यावरच वाचायला शिकले. ७३ ते ७६ पानं नाहीत, पण ७७ वर आंबेहळद आणि रक्तबोळाचा गरम लेप दिलाय. कशावरचा, ते ७६ वर असणार.

१७ मार्च
४३. टेप जरा खाली लावली तर ४२. खालीच लावावी. पहिल्या दिवशीही खालीच लावली असणार.

१९ मार्च
शेजारची चतुराबाई कुंपणावरून म्हणाली, अगं बाई, घोडीला हळद लागली, आता नवरदेव कवा यायचा? चार बाया हसल्या. मी त्यांना हॉक म्हणजे टाच हे समजावून सांगितलं. कुणी थांबलं नाही.

२२ मार्च
ह्यांच्या गुडघ्याचा क्रेपचा पट्टा पेटीतून काढला. घट्ट बांधला. चिमणीनं बादली लाथाडली, माझं लुगडं भिजलं. इलाज लागू पडताना जनावर चिडतंच.

२३ मार्च
पट्ट्याच्या खालचा पाय सुजला. म्हणजे सूज वरून निघाली आहे, खुराच्या वाटेनं जाणार. तरी पट्टा सोडला. चिमणी माझ्याकडं बघत नाही.

२६ मार्च
कारण सापडलं. ५ मार्चला सटवाजीभाऊजी चिमणीला देवगाव फाट्याच्या वरातीला घेऊन गेले होते. सूज त्याच्यानंतरची. नाचली नाही म्हणून काठी मारली असणार, दुसरं काय.
देवळाच्या पारावर आठ-दहा माणसं बसली होती. सगळ्यांदेखत विचारलं, माझ्या घोडीला का मारलं? भाऊजी उठून उभे राहिले. त्यांच्या शेजारी बसलेला मुंजाजी म्हणाला, वैनी, हा मानूस माशीला मारीत न्हाई. मी म्हटलं, माशी वरातीत नाचत नाही.
संध्याकाळी भाऊजींनी लगाम आणून खुंटीला अडकवला. म्हणाले, तेल लावलंय, वाळू द्या. तेवढंच.
खरं असल्याशिवाय माणूस इतका गप्प बसत नाही.

३० मार्च
४४. टेप खाली लावूनही ४४. भाऊजी येत नाहीत, त्यामुळं चिमणीला फिरवायलाही कुणी नाही. ती दिवसभर बांधलेली. ह्यालाही तेच जबाबदार.

२ एप्रिल
चिमणी पाय टेकवताना थबकते. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. उद्या डॉक्टर येणार. निदान मी करून ठेवलं आहे, त्यांनी फक्त इंजेक्शन द्यावं.

३ एप्रिल, दुपारी
डॉक्टर योगिनी मॅडम. माझ्या पोरीच्या वयाच्या. आधी पाय बघितलाच नाही, फरशी बघितली. विचारलं, घोडी कुठल्या कुशीवर बसते? म्हटलं, उजव्या. कुठं? मी जागा दाखवली. मॅडम खाली बसल्या आणि मलाही बसवलं.
ह्यांच्या नावाच्या अक्षरांत पांढरे केस अडकले होते. काठाला थोडं रक्त.
म्हणाल्या, सांध्याच्या आत काही नाही, हाडाच्या टोकावर घासून घासून पाणी झालंय. गरम काही लावू नका, पट्टा नको, गार पाण्याची धार सोडा. खाली हातभर भुसकट. रोज हळू फिरवा. महिनाभर वरात बंद. सुईनं पाणी काढू का, मी विचारलं, तर म्हणाल्या, मावशी, घरी सुई लावाल तर पू होईल. भुसकट टाकलं की दुखणं जाईल, पण गाठ थोडी राहील, कायमची.
पुस्तक दाखवलं. ७७ वाचून म्हणाल्या, हे बैलाच्या खांद्याचं आहे.
मग विचारलं, भुसकट टाका असं कुणी सांगितलं नाही का तुम्हाला? मी म्हटलं, नाही.
सांगितलं होतं. ११ मार्च. वर लिहिलंय.

४ एप्रिल
पारावर बोलले, तर माफीही पारावरच मागायची. कागदावर सहा ओळी लिहिल्या. तोंडपाठ केल्या.

५ एप्रिल
पारावर गेले. भाऊजी होते, सगळे होते. मी म्हटलं, भुसकट आहे का? भाऊजी म्हणाले, हाय की, सोयाबीनचं. मी घरी आले. कागद पोलक्यातच राहिला, घामानं भिजला.

६ एप्रिल
भाऊजी दोन पोती आणि पहार घेऊन आले. फरश्या उचकटल्या. नावाची हातात धरून म्हणाले, ही कुठं ठिवू वैनी? भाऊला राग न्हाई यायचा, घोडी त्याच्या नावावर बसली म्हनून खूशच व्हईल. पन तिला टोचायलंय. मी भिंतीकडं बोट दाखवलं.
मग ते उकिडवे बसून हातानं भुसकट पसरायला लागले. आता बोलावं म्हणून मी मागं उभी राहिले. हळूच म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, आँ? मी म्हटलं, चहा घेता का?
उठले तेव्हा त्यांच्या केसांत काड्या होत्या. मी चहा करायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ चूल पेटवलीच नाही. एकोणतीस वर्षं जे भांडण मी हरत होते, ते हे गेल्यावर जिंकले. असं जिंकले.

१२ एप्रिल
काल चुडाव्याचा नवरदेव जीपमधून गेला.
सकाळी नळावर चतुराबाईनं विचारलं, घोडी बरी हाय का? लय मारलं म्हनं सटवाजीनं. बाया ऐकत होत्या. म्हटलं, त्यांनी नाही मारलं. मीच. ती म्हणाली, तुमी मारलं? म्हटलं, मी घातलेल्या फरशीनं. भाऊजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.
चतुराबाईनं अर्धी घागर तशीच उचलली आणि निघाली. पारावर जायची गरज उरली नाही. दुपारी मुंजाजी कुंपणाशी येऊन हसून गेला. भाऊजी संध्याकाळी आले. खुंटीवरचा लगाम काढला आणि चिमणीला फिरवायला घेऊन गेले.
परत आल्यावर टेप हाडाच्या टोकावर लावली, लावायला पाहिजे तिथं. उजवा ४५. डावाही तिथंच, ४१.