ठकी त्या दुपारी घरात नव्हती

मामा,

ही हाक मी तुम्हाला समोरून कधी मारली नाही. चौदा वर्षं एका घरात राहिलो, रोज दोन वेळा तुमचं ताट वाढलं, पण 'मामा' हा शब्द तुमच्यासमोर माझ्या तोंडून निघाला नाही, आणि तुम्हीही माझ्याकडे बघून कधी बोलला नाहीत. तशी रीतच होती. सासरा ओटीवर, सून आत. तुम्ही उंबऱ्याशी खोकायचात आणि मी डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात सरायची. हे मी माझ्या सुनेला सांगितलं तर ती विचारते, "म्हणजे तुमचं भांडण होतं का?" तिला कसं समजावू, की आमच्या आळीत आमच्याइतकं बोलणारे सासरा-सून दुसरे नव्हते. फक्त ते बोलणं सरळ जात नव्हतं. तुमच्याकडून पाव्हण्यामार्फत यायचं आणि माझ्याकडून ठकीमार्फत जायचं.

पाव्हणा म्हणजे तुमचा कुत्रा. घाटात रूळ तपासत चालायची तुमची नोकरी. ती संपली त्या दिवशी हे पिल्लू ठाकूरवाडीहून तुमच्या मागोमाग आलं, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. तुम्ही गाडीत बसून खाली आलात, मग ते मागोमाग कसं आलं, हे कोणी विचारलं नाही. तुमच्या हत्यारांच्या पिशवीला त्याच्या मुताचा वास मी लग्न होऊन आले तेव्हाही येत होता. "दोन दिसांचा पाव्हणा हाय," म्हणालात म्हणे, आणि तेच नाव पडलं. ठकी माझी मांजर. भाताच्या कणगीला उंदीर लागले म्हणून मी तिला माहेराहून, दहिवलीहून, टोपलीत झाकून आणली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर. दिवसभर घरात तुम्ही, मी आणि ती दोन जनावरं.

पहिला महिना घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मग एका दुपारी मी ताट ठेवून आत आले आणि ओटीवरून तुमचा आवाज आला, "पाव्हण्या, भाकरी झाक झालीय. पन आमचे दात आता ऱ्हायले किती? जरा पातळ थापली तं बरं व्हईल रं." मी पिठाचे हात घेऊन तशीच उभी. दुसऱ्या दिवशी पातळ थापली. तुम्ही जेवलात, हात धुतलेत आणि म्हणालात, "पाव्हण्या, तू निरोप्या बरा हाईस." माझं उत्तर निघायला आणखी आठ दिवस गेले. ठकीला पायाशी घेऊन, जरा मोठ्यानं, भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "ठके, सांग त्यांना, तांदळाचं पीठ संपलंय. गिरणीत जायला हवं." मी घाबरले, वाटलं आगाऊपणा झाला. मग पाव्हण्याची शेपटी जमिनीवर आपटायचा आवाज आला, आणि तुमचा, "ऊठ रं. हुकूम सुटला."

तिथून सुरू झालं ते थांबलं नाही. मी काटकसरीची, कुत्र्याला भाकरीच्या कडा आणि पातळ ताक घालायची. तुम्ही वाडग्यात डोकावून म्हणायचात, "पाव्हण्या, तुझ्या ताकात ताक कुठाय रं?" मी आतून, "ठके, सांग त्यांना, दाट ताकानं कुत्र्याला सर्दी होते." "आसं का? मग त्या मांजरीला साय कशी सोसते, विचार." एकादशीला घरात माझी भगर, म्हणून पाव्हण्यालाही भगरच. तो ती मुकाट खायचा आणि मग शेजारच्या काकूंच्या दारात बोंबलाच्या डोक्यासाठी जाऊन बसायचा. तुम्ही म्हणायचात, "उपास धरतो आमच्याकडं नि सोडतो तुमच्याकडं." काकू एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं बाय, तुमच्यात कुत्रा वकील नि मांजर कारकून. पुढची तारीख कधीची पडली?" मी लाजून आत पळाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "पाव्हण्या, यांना सांग, आमच्या कोर्टात भायेरच्यानी बोलायचं नाय." काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मी चुलीपाशी हसले, आणि माझं हसणं तुम्हाला ऐकू गेलं असणार, कारण तुम्ही खोकलात.

तिसऱ्या वर्षीचं मला लिहायचं आहे. पाचव्या महिन्यात माझं पोटातलं गेलं. कर्जतच्या दवाखान्यातून आणल्यावर तिसऱ्या दिवशी ह्यांना कामावर जावंच लागलं. मी स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेली, ठकी पायांवर. माहेरची माणसं येऊन, देवाची इच्छा, असं म्हणून गेली होती. मीही देवाला मानणारी, पण त्या दिवशी देवघरात दिवासुद्धा लावला नव्हता. तुम्ही खोकला नाहीत. उंबऱ्यावर येऊन, माझ्याकडे पाठ करून बसलात. पाव्हणा तुमच्या मांडीला टेकून बसला. मग म्हणालात, "पाव्हण्या, ऐक. म्हातारीची पयली दोन गेली. दुसऱ्या टायमाला मी घाटात ड्युटीवर. घरी आलो तवा समदं आटपलेलं. मी तिला एक शब्द बोललो नाय. काय बोलावं ते कळलं नाय, म्हनून बोललोच नाय. तिनं त्ये शेवटपातूर मनात ठेवलं. आता हिला सांग, रडू येत आसंल तं रड म्हनावं. घरात कोन नाय. मी बहिरा हाय."

तेव्हा मी रडले. तोवर रडले नव्हते. इतक्या मोठ्यानं रडले की पाव्हणाही मान वर करून विव्हळायला लागला. तुम्ही त्याला दटावलंत, "गप रं, तुझं काय गेलं?" आणि थोड्या वेळानं, हळूच, "बरं, रड. तू पन रड." दिवेलागणीपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत. मागे वळून बघितलं नाहीत. माझ्या आईनंही माझ्याजवळ बसून एवढं केलं नाही, मामा. त्या संध्याकाळी मी उठून देवापाशी दिवा लावला.

पुढे मुलगा झाला. तो बोलायला लागला तेव्हा, घरात असंच बोलतात असं वाटून, त्याला दूध हवं असलं की कुत्र्याला सांगायचा. पहिली ठकी गेली, तिची लेक ठकी झाली, मग नात ठकी झाली. चांगलं नाव वाया कशाला घालवायचं? पण कुत्र्याला लेक-नात कुठली. माझ्या लग्नाच्या चौदाव्या वर्षी, भाद्रपदात, पाव्हणा ओटीच्या पायरीवर आडवा झाला तो उठला नाही. तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. घरामागे फणसाखाली स्वतः खड्डा खणलात, मध्ये दोनदा दम खायला बसलात. वर दगड ठेवून आलात, हात धुतलेत, उंबऱ्याशी आलात आणि खोकलात. मग त्याच्या जागेकडे बघितलंत, आणि तोंड मिटलंत.

त्यानंतर तुमचं बोलणं बंद झालं. माझ्याकडे ठकी होती, मी बोलत राहिले. "ठके, त्यांना विचार, चहा टाकू?" दाराच्या फटीतून तुमची मान हललेली दिसायची, एवढंच उत्तर. भाकरी जाड झाली तरी काही नाही, ताक मुद्दाम पातळ केलं तरी काही नाही. ह्यांनी नेरळहून एक पिल्लू आणलं. तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात, नाव ठेवलं नाहीत. "ह्याला कशाला आमचा भार," एवढंच ह्यांना म्हणालात. ते पिल्लू आळीतल्या पोरांचं झालं. दिवाळीनंतर तुमचे पाय सुजले, खाट ओटीवरच टाकली. डॉक्टर म्हणाले, वय आहे.

मार्गशीर्षातला गुरुवार. आधीच्या गुरुवारी ठकीनं लक्ष्मीच्या नैवेद्याच्या दुधात तोंड घातलं होतं, म्हणून त्या दिवशी सकाळीच मी तिला मागच्या दारानं बाहेर काढून कडी लावली. हे कामावर, मुलगा शाळेत. दुपार टळलेली, मी संध्याकाळच्या नैवेद्यासाठी पाट्यावर पुरण वाटतेय. ओटीवरून आवाज आला.

"पोरी."

मी वरवंटा धरून थांबले. वाटलं, कोणी आलंय.

"पोरी, जरा बस इथं येऊन."

चौदा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी बोललात, मध्ये कोणी न ठेवता. मला ते बोलणं कसं घ्यायचं तेच कळेना. 'ओ' द्यायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. लाज म्हणू की भीती, अजून ठरवता येत नाही. मनात एकच आलं, ठकीमार्फत सांगावं, की आले. आणि ठकी घरात नव्हती.

मी तिला शोधायला गेले, मामा.

मागची कडी काढून बाहेर पडले. पेंढ्याच्या उडवीपाशी बघितलं, धुण्याच्या दगडापाशी बघितलं. "ठके, ठके" करत काकूंच्या अंगणात गेले. काकू म्हणाल्या, "आज गुरुवारचं मांजर कशाला हवंय तुला?" मी म्हटलं, "काम आहे जरा." ती त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात पसरली होती. खाली येईना. मी हाताला लागलेलं पुरण दाखवलं, देवीच्या नैवेद्याचं पुरण, तेव्हा उतरली. किती वेळ गेला सांगता येत नाही. तिला काखेत घेऊन मागच्या दारानंच आत आले, दाराआड उभी राहिले, पदर नीट केला आणि म्हटलं, "ठके, सांग त्यांना, आले मी. काय म्हणतात विचार." बाहेरून काही नाही. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मग ठकीनं माझ्या हातातून उडी मारली आणि ती ओटीवर गेली. मी तिच्या मागोमाग गेले. तुमचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, पाव्हणा बसायचा त्या जागेवर. ठकी त्याचा वास घेत होती.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काही म्हणाले का गं बाबा?" मी म्हटलं, "नाही. झोपेतच गेले." एवढंच म्हटलं आणि ते कायमचं झालं. आता वीसेक वर्षं होत आली. दर पितृपक्षात हे तुमचं पान वाढताना म्हणतात, "बाबांना मरण चांगलं आलं. काही मागितलं नाही, कुणाला त्रास नाही." त्यांना त्यात समाधान आहे. मी मान खाली घालून वाढते. देवापुढे रोज हात जोडते, तिथे काही लपवलेलं नाही. माणसांत मात्र कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला काय सांगायचं होतं, याचा मी किती विचार केला. पाणी हवं होतं का? नातवाचं काही होतं? सासूबाईंचं काही? की मला काही सुनवायचं होतं, एखादा जुना राग? तुमच्या बायकोला तुम्ही एक शब्द बोलला नव्हता, ते तुम्हाला शेवटपर्यंत खुपलं, आणि ते ठाऊक असूनही मी तुम्हाला एक शब्द दिला नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या आताच्या कुत्र्याला बरं नव्हतं. सून घरूनच काम करते. लॅपटॉप मिटून ती ओटीवर फरशीवर बसली होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी आत डाळ निवडत होते. ती म्हणाली, "आई, जरा बसा ना इथे." माझ्या हातातलं सूप तिरपं झालं. मी गेले आणि बसले. गुडघे दुखतात, तरी बसायला किती वेळ लागला? काहीच नाही. मी विचारलं, "काय गं, काही हवंय का?" ती म्हणाली, "नाही हो. नुसतं बसा." आम्ही दोघी बसलो. कुत्रा झोपला. तिला खरंच काही नको होतं. मी नंतर धुण्याच्या दगडापाशी जाऊन नळ मोठा सोडून रडले. इतकी वर्षं मी तुमचं बोलणं शोधत होते, आणि कदाचित तुम्हाला बोलायचं नव्हतंच काही. कोणीतरी येऊन बसावं, एवढंच असेल. तेवढं तर मला, मांजर असो नसो, करता आलं असतं.

कुत्र्याला आता उतार आहे. भाकरी खातो, पातळ थापलेली.

हे पत्र पोथीच्या फडक्यात ठेवून देणार आहे. ह्यांना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. आणि एक कबूल करते. हे मी तीनदा लिहायला घेतलं, आणि तिन्ही वेळा पहिली ओळ 'ठके, सांग त्यांना' अशीच आली. ते कागद टाकले नाहीत, ह्याच पत्राच्या पाठीमागे आहेत. आजही लिहायला बसले ती घरातल्या आताच्या ठकीला मांडीवर घेऊनच. मघाशी सुनेनं फ्रिज उघडला तशी ती उठून गेली. आता इथे दुसरं कोणी नाही.

ओ, मामा. आले.