वहीत नसलेले बुधवार

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मागचं पत्र मी तुला हॉस्टेलवर लिहिलं होतं आणि त्यात दीड पान तुझ्या मोज्यांची चौकशी होती. ते तू मित्रांना वाचून दाखवलंस हेही मला ठाऊक आहे. आज मोज्यांचं विचारणार नाही. कुरियरवाला म्हणतो गुरुवारी पोचेल. शुक्रवारी पोचलं तरी चालेल. शनिवारी दुपारी बाराला मात्र संघाची यादी बंद होते, आणि "माझं नाव काढा" असं तू कोचना सांगितलं आहेस, शनिवारी सकाळी जाऊन तशी सहीही करणार आहेस. त्यांनीच मला फोन करून सांगितलं. तेव्हापासून माझ्या जिवाला नुसता घोर लागला आहे. चहात साखर घालते आणि ढवळायचं विसरते. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही करू नकोस, एवढं तुझ्या ताईचं ऐक.

निवड चाचणीच्या दिवशी मी तुझ्या मागेच दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. सहाशे मीटर, वीस गोळ्या. पहिल्या तेरा तू अशा मारल्यास की शेजारच्या खुर्चीवरचे पंच आपला डबा खायचे थांबले. चौदाव्या गोळीनंतर टार्गेट तपासणीला खाली गेलं, वर आलं, आणि त्यावर नवं भोक नव्हतं. मग सोळावी, सतरावी, एकोणिसावी. चार भोपळे. आधीच्या सामन्यांच्या गुणांवर तुझं नाव यादीत राहिलं, ते वेगळं. तू उठलास, रायफल पुसलीस, सगळ्यांशी नीट बोललास. गाडीत बसल्यावर मात्र खिडकीकडे बघत एकच वाक्य म्हणालास, "ताई, बाबांसारखंच सुरू झालंय." बाबांचंही असंच सुरू झालं होतं ना. नजरेच्या बरोब्बर मधोमध एक डाग, आणि तो आधी त्यांना कळला नाही, टार्गेटला कळला. तेव्हा ते आजच्या तुझ्याहून दहाच वर्षांनी मोठे होते. घरी आल्यावर तू रायफल बाबांच्या वर्कशॉपमधल्या कपाटात ठेवलीस, तुझ्याकडची किल्लीही माझ्या टेबलावर ठेवलीस आणि जेवायलाही थांबला नाहीस.

खरं सांगू, मला पहिली भीती माझीच वाटली. तुझी काडतुसं मी भरते. दारू तोलते मी, गोळी बसवते मी. म्हटलं, आपल्याच हातून काही राहून गेलं असणार. उरलेल्या डब्यातली काडतुसं एकेक करून मोकळी केली, पुन्हा तोलली, गोळ्यांची लांबी मोजली. सगळं जिथल्या तिथे. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. टार्गेट चुकलेली गोळी मागच्या मातीच्या बांधात शिरते आणि धूळ उडते. तुझ्या त्या चार गोळ्यांच्या वेळी बांधावर धूळ उडाली नव्हती. मी दुर्बिणीतून बघत होते रे, मला दिसायला हवी होती. गोळी टार्गेटवर नाही आणि बांधातही नाही, तर गेली कुठे? चौदाव्याच्या वेळी वाटेत मध्येच हवेत राखाडी धुरकट असं काहीतरी दिसलंही होतं. मला वाटलं, दुर्बिणीची काच पुसायला झाली.

म्हणून सोमवारी रेंजवर गेले. आपल्या रखवालदारांनी वाटेत दोनशे मीटरवर कोरा कागद ताणून दिला, आणि मी तुझी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून मारायला बसले. पहिल्या दहा गोळ्यांनी स्वच्छ भोकं पाडली. नळी तापली तसं भोकांभोवती करडं कुंकू शिंपडल्यासारखं दिसायला लागलं. ते शिसं होतं. पंधराव्या गोळीने भोक पाडलंच नाही. कागदावर चार-पाच ओरखडे आणि तांब्याचा एक कपटा, नखाएवढा. गोळी उडता उडता फुटली होती, धाकट्या. वरचं तांब्याचं कवच फाटलं, आतलं शिसं उधळलं, सहाशे मीटरपर्यंत पोचायला काही उरलंच नाही. तो कपटा हातात घेऊन मी तिथेच मातीत बसले आणि हसले. रखवालदारांना वाटलं, बाईंना ऊन लागलं.

हसू फार टिकलं नाही. फुटते हे कळलं, का फुटते ते कळायचं होतं, आणि बाबांनीच शिकवलंय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू थोडी कमी केली, वेग उतरला, तर फुटण्याचं प्रमाण कमी झालं, थांबलं नाही. नळी घासून साफ केली, फरक नाही. मग तीच काडतुसं क्लबच्या रायफलमधून मारली. वीसच्या वीस कागदावर. म्हणजे माझ्या हातचं बरोबर होतं, खोट तुझ्या नळीत होती. तीच आपल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. त्यांनी बारीक कॅमेरा आत सोडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. जिथून गोळी नळीत शिरते तिथलं पोलाद भेगाळलंय, आटलेल्या तळ्याच्या तळासारखं. गोळी त्यावर घासते, कवच सोलवटतं, आणि नळीतल्या पिळांनी दिलेल्या गरगरीत पुढे जाऊन फाटतं. मिस्त्रींनी विचारलं, किती गोळ्या झाल्यात? मी नळीची वही पुढे केली. वहीत तेराशे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ही नळी तीन हजारांच्या खालची नाही.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी दोनदा पेन खाली ठेवलं. मिस्त्री बरोबर होते. नळीतून गेलेली प्रत्येक गोळी वहीत गेलीच पाहिजे, हा बाबांचा नियम. लहानपणी एक गोळी लिहायची राहिली म्हणून त्यांनी तुला पूर्ण वही उतरून काढायला लावली होती, आठवतं? तो नियम मी गेले अकरा महिने मोडते आहे, आणि बाबांच्याच सांगण्यावरून. दर बुधवारी, तू कामावर असताना, मी कपाटातून तुझी रायफल काढून बाबांना रेंजवर नेत होते. त्यांची रायफल आणि परवाना आपणच काढून घेतला, तू त्यांना किती बोललास, आणि तू बोललास ते योग्यच होतं. पण त्यानंतर ते दिवसभर कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचे. मला बघवेना. वाळूच्या पिशव्यांवर रायफल मी लावायची, मी नेम बघून हो म्हटल्याशिवाय त्यांनी चाप ओढायचा नाही, एवढी काळजी घेतली. पण नळी थंड होऊ द्यायला ते थांबत नसत. चाळीस गोळ्या, एकामागून एक, अधाशासारख्या. वहीत लिहू नकोस, धाकट्याला कळेल, म्हणायचे. मी लिहिल्या नाहीत. अठराशे गोळ्या, आणि त्या नळीवर विसंबून तू चाचणीला उतरलास. तुझे चार भोपळे तुझ्या डोळ्यांनी नाही, मी दिलेत. याची मला इतकी लाज वाटते की समोर असतास तर मी हे बोलू शकले नसते.

तुझे डोळे ठणठणीत आहेत असं मी म्हणत नाही. ते सांगणारी मी कोण? येत्या सोमवारी डॉक्टरांची वेळ आहे, ती चुकवू नकोस, मी बरोबर येईन. त्या चार गोळ्यांबद्दल मात्र मी छातीठोक सांगते. तू त्या नीट मारल्या होत्यास.

हे सगळं काल बाबांना सांगितलं. वाटलं होतं, चिडतील किंवा रडतील. त्यांनी तो तांब्याचा कपटा मागून घेतला, अंगठ्याने चाचपला, आणि विचारलं, "माझे दहा किती खरे होते?" धाकट्या, त्यांना टार्गेट दिसत नव्हतं. प्रत्येक गोळीचे गुण मी सांगायचे, दहा म्हणजे बरोब्बर मध्ये. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत टार्गेटवर भोक दिसेनासं झालं की मी समजायचे, चुकले बाबा, आणि मोठ्याने म्हणायचे, दहा. बांधावर धूळ उडाली की नाही, तेही बघितलं नाही कधी. ते चुकणारच असं मी धरून चालले होते. कदाचित ते कधीच चुकले नसतील. दया दाखवता दाखवता मी त्यांचा नेमही खोटा ठरवला आणि तुझाही.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी तो कपटा खिशात टाकला. मग म्हणाले, धाकट्याला लिही, आणि हे पत्र त्यांच्यासाठी लिहिते आहे. मिस्त्री शुक्रवारी नवी नळी बसवून देतील. शनिवारी सकाळी आठला बाबा रेंजवर असतील. त्यांना एकच गोळी मारायची आहे, शेवटची, आणि ती वहीत पहिल्या ओळीवर लिहून घ्यायची आहे. त्यानंतर रायफल तुझ्या हातात देतो म्हणतात, मग बारापर्यंत तू ठरव. अट एकच. रायफल मी लावायची, पण दुर्बिणीवर बसायचं नाही. म्हणाले, "तिथे त्याला बसव. लागली नाही तर तो मला लागली नाही म्हणून सांगेल." ये रे.

तुझीच,
वही पुरी करून बसलेली ताई