वेळेआधी आलेली

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही.

गावच्या शाळेत तुमचा इंग्रजीचा तास पहिला असायचा. घंटेआधी येऊन बसलेल्या पोराकडे बघून तुम्ही म्हणायचात, "अहेड ऑफ टाइम!" मग अख्खा वर्ग टाळ्या वाजवायचा आणि त्या पोरानं उभं राहून "थँक्यू सर" म्हणायचं, हा आपल्या वर्गाचा रिवाज. उशिरा येणाऱ्याला टोमणा ठरलेला, "या सरकार, आज एस.टी.सुद्धा तुमच्याआधी आली!" मी एकदा 'बिफोर टाइम' म्हणालो, तर तुम्ही हसलात, "ते स्टँडवरचं इंग्रजी, बाळा." त्या टाळ्यांसाठी मी भाकरी अर्धी टाकून पळत यायचो. पुढे वाशीच्या ऑफिसात मेल लिहिताना 'अहेड ऑफ शेड्यूल', 'वेल इन अ‍ॅडव्हान्स' आपसूक उमटायचं आणि वर्गातल्या टाळ्या ऐकू यायच्या. वेळेआधी येणं म्हणजे शाबासकी, एवढंच मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात मुलीला सातव्या महिन्यातच खारघरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. तरुण डॉक्टर बाहेर आल्या, मास्क खाली करून म्हणाल्या, "काका, मुलगी झालीय. पण बेबी खूपच अहेड ऑफ टाइम आलीय." आणि सर, मी बाकावरून ताडकन उभा राहिलो नि म्हणालो, "थँक्यू मॅडम." त्या बघतच राहिल्या. बायकोनं माझी बाही ओढली, "अहो, थँक्यू कसलं? बाळाचा जीव धोक्यात आहे."

नात काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, डोक्यावर लोकरीची टोपी, तीही डोळ्यांवर घसरलेली. मी बाहेर उभा राहून रामनाम घ्यायचो. जावई म्हणायचा, "पप्पा, घरी जाऊन जरा पडा तरी." मी हलायचो नाही. मग एका सकाळी ती पेटी रिकामी झाली. बारसं राहिलं, नावही राहिलं. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, तिला इतकी घाई कसली होती हो?" तुम्ही निवृत्तीआधीच गेलात, तेव्हा दारात तुमच्या पत्नीही हेच विचारत होत्या.

हे पत्र देवघरात ठेवून देईन. एक मात्र घरात कुणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी काचेपाशी कुणी नव्हतं, तेव्हा मी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आवाज होऊ न देता. इतक्या लवकर आली होती पोर, कुणीतरी वाजवायला हव्या होत्या.