दोन पेरं खोल

प्रिय चिमणे,

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोलताना तुझे बाबा शेजारी येऊन बसतात, वर आवाज मोठा करून ठेवायला लावतात. तू ‘काय गं’ म्हणतेस, मी ‘सगळं ठीक’ म्हणते आणि तिथेच आपलं बोलणं संपतं. आज ते पंप दुरुस्तीला घेऊन गेलेत, म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावरच कागद पसरून बसलेय.

ठीक काहीच नाही. वरच्या उतारावरची डाळिंबं गेली. आधी पानं दुमडली, मग फळं तडकली, आता फांदी वाकवली की कट्कन मोडते. पाऊस कमी झाला हे खरं, पण याहून वाईट वर्षं आपण काढली आहेत. उताराला आडवे चर आहेत, वाहून आलेलं पाणी तळ्यात उतरतं. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद कडेने उघडा पडलाय, तरी तळाशी पाणी आहे. झाडांच्या आळ्यांत वाळल्या गवताचा जाड थर आहे. सगळं होतं तसंच आहे, फक्त झाडांना वेळेवर पाणी मिळालं नाही.

पाणी कुणाला द्यायचं हे कसं ठरतं, ते तुला मी काय सांगू! गवत बाजूला सारायचं आणि मातीत बोट घालायचं, दोन पेरं खोल. ओल लागली तर ते झाड थांबेल, नाही लागली तर आज त्याची पाळी. ओल मोजायचं यंत्र विकायला आलेल्या माणसाला बाबांनी चहा पाजला, स्वतःचं बोट दाखवलं आणि वाटेला लावलं, आठवतं? तू फ्रॉक सावरत त्यांच्या मागे मागे फिरायचीस. त्यांनी बोट घातलं की शेजारी तुझं घालायचीस आणि त्यांच्या आधी ओरडून सांगायचीस. चुकलीस की ते हसत सुटायचे, तू गाल फुगवून घरी यायचीस, आणि तुझी नखं साफ करता करता मी मेटाकुटीला यायची.

या वर्षी ते रोज वरच्या उतारावर बोट घालत होते आणि ओल आहे, अजून थांबू या, असं सांगत होते. गवताखाली ओल टिकतेच, हा त्यांचा भरवसा. झाडं गेली तेव्हा मात्र ते बिथरले. आता म्हणतात, या मातीत काही राम राहिला नाही, ओली काय नि कोरडी काय, सगळी सारखीच लागते. जेवायला बसतात, घास चिवडतात आणि उठतात. घरात माणसं दोन, त्यातलं एक तोंड शिवून बसलेलं. भिंतींशी गप्पा मारायची वेळ आलीय माझ्यावर.

त्यांची साखर तुला ठाऊकच आहे. मागच्या आठवड्यात मी उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतून ठेवला होता, फडक्याशिवाय हात लावता येणार नाही असा. त्यांनी तो सरळ मुठीत धरला आणि पंपाबद्दल बोलत राहिले. मीच ओरडून काढून घेतला. बोटांना फोड आले होते, आणि ते दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तसे बघत होते. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर आले. तेव्हापासून ते ‘सगळी सारखीच लागते’ माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या उतारावर गेले आणि स्वतः हात घातला. माती गार होती, मुठीत गोळा होत होती. खालची बाग जिवंत आहे, चिमणे. तरी मनाची खात्री व्हावी म्हणून एका आळ्यात गवताखाली बादलीभर पाणी ओतलं, गवत पुन्हा सारखं केलं आणि बाबांना म्हटलं, एवढं एक झाड बघता का. त्यांनी बोट घातलं. कोरडी आहे, म्हणाले. बोट बाहेर काढलं तेव्हा त्याला चिखल लडबडला होता गं.

तो चिखल त्यांनाही दिसला. बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग बोट पँटला पुसलं, गवत नीट पसरलं आणि माझ्याकडे न बघता पुन्हा म्हणाले, कोरडीच आहे. त्याच दुपारी त्यांनी मशीनवाल्याला फोन करून खालची बागही मुळासकट काढायला सांगितलं.

म्हणजे त्यांना कळलंय. हिरवी झाडं ते उपटून टाकतील, पण बोटं गेली असं म्हणणार नाहीत. मी तोंडावर बोलले तर हा माणूस मोडेल, गप्प बसले तर बाग जाईल. मला फार भीती वाटते. मशीनवाला महिनाअखेरीस मोकळा होतोय, त्याआधी ये. फोडांचं विचारू नकोस, मी लिहिलं हे कळू देऊ नकोस. सकाळी त्यांच्या मागोमाग बागेत जा. त्यांनी बोट घातलं की शेजारी तुझं घाल, आणि लहानपणी सांगायचीस तसं त्यांच्या आधी ओरडून सांग. माझ्या हातावर ते विसंबणार नाहीत. तुझा हात त्यांनीच तयार केलाय.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई